मूळ जोडलेली नाही

“मूळ कुठंय?” नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने, हितेंद्रने, अर्जावर पेनाचं टोक आपटलं. “तुम्ही लिहिलंय, ‘दहा लाख तीन ही मूळ संख्या’. आणि जोडलीय नुसती वही. मूळ आणा, तिची साक्षांकित प्रत आणा. मग बघू.”

जळगावातल्या गणित प्रदर्शनाची नोंदणी पाचला बंद होणार होती. चार वाजून गेलेले. खिडकीबाहेर उखा, एरंडोलच्या एका शाळेचा शिपाई, महिनाअखेरीस निवृत्त. प्रदर्शनात कर्मचाऱ्यांचा एक विभाग असतो. त्यात नाव लागायची ही त्याची शेवटची संधी.

“साहेब, मूळ म्हंजे अस्सल कागद नही. जिले एक आन् ती सोता, यासनाबिगर कोनीच भागू शकस नही, ती मूळ.”

हे त्याने तीस वर्षं वर्गाबाहेर स्टुलावर बसून ऐकलं होतं. हितेंद्र तेवढीच वर्षं आधी वर्गात, मग ऑफिसात बसलेला.

उखाने वही उघडली. दहा लाख तीनचे दोन तुकडे पडलेच, तर त्यातला एक हजाराच्या आतच सापडणार. दोन्ही हजारावर गेले की गुणाकार पुढे निघून जातो. म्हणून हजाराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येने, एकशे अडुसष्ट वेळा, त्याने हाताने भागाकार केला होता. सातने बाकी चार. एकशे एकने बाकी दोन. शेवटी नऊशे सत्त्याण्णव, बाकी बारा. शून्य कुठेच नाही.

“एवढी दगदग कशाला भाऊ? वरचे तीन काढून टाका,” हितेंद्र हसला. “दहा लाख. राउंड फिगर.”

“तीन काढा तं ती दोननी बी तुटी, पाचनी बी!”

“बरं, मग ‘मूळ’ खोडा, ‘प्रत’ लिहा. आत्ता शिक्का मारतो.” त्याने स्वतःचं पेनही पुढे केलं.

चीड येते ती याचीच. दुष्टाशी भांडता तरी येतं. अडाणीपणाने सोय करून देणाऱ्याचं काय करायचं?

उखाने पेन घेतलं नाही. “दोन सालपासून भागी राहिनू साहेब. खोटं लिखाकरता नही.”

पाचला खिडकी बंद झाली. अर्जावर शेरा पडला: ‘मूळ जोडलेली नाही.’

प्रदर्शनात उखाची ड्यूटी टेबलं मांडायची. कर्मचारी विभागातलं एक टेबल रिकामं राहिलं. त्याच्या शाळेच्या गणिताच्या ममता मॅडम तिथे थांबल्या.

“उखाभाऊ, एकच शब्द तर खोडायचा होता.”

“मंग वहीमा काय ऱ्हातं मॅडम?”

तेवढ्यात हितेंद्र धावत आला. पाहुणे फाटकात होते. “हे रिकामं उचला आधी, बरं दिसत नाही.” टेबल लोखंडी, जड. त्याने दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या साहेब,” उखा म्हणाला, आणि ते टेबल एकट्यानेच, कुठे न टेकवता, दाराबाहेर घेऊन गेला.