भिंगरीचे अर्धे केस

त्या गल्लीतल्या सलूनवाल्याच्या हाताबद्दल काय सांगावं! एकदा त्याने कातरी नुसती वाजवली, तर म्हणे समोरच्या गिऱ्हाइकाचे केस घाबरून आपणहून गळाले. घोड्याच्या शेपटीइतके राठ केस असोत, की पाखरांनी घरटं करावं अशी दाढी असो, चहा निवायच्या आत काम फत्ते! सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि त्याच्यापुढे मुकाट मान खाली घालत. घालत नव्हती ती फक्त त्याची पाच वर्षांची लेक.

ती स्वतःभोवती गरगर फिरे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. बोलायची अगदी मोजकं. तिला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उस्तादने ऐकून घेतलं आणि दुकानात येऊन सांगितलं, "हट्टी आहे हो, माझ्यावर गेलीय!"

तिचे केस कापायचे म्हणजे घरात लढाईच. आई हात धरायची, आजोबा पाय, आणि उस्ताद मशीन चालवायचा. रडणाऱ्या पोराला घट्ट धरा आणि झटक्यात उरका, हा त्याच्या धंद्यातला नियम. भिंगरी अशी किंचाळे की गल्लीतली कुत्री भुंकायचं विसरत. मागच्या वेळीही उरकलं. पण तेव्हापासून बापाच्या चपलांचा आवाज आला की पोरगी टेबलाखाली. त्याच्या हातचा घास नको, त्याची कुशी नको. गल्लीचा लाडका उस्ताद स्वतःच्या घरात बागुलबुवा झाला!

एका सुट्टीला त्याची थोरली बहीण आली. ती अशाच मुलांना शिकवायची.

"ताई, तू तरी समजाव गं तिला."

"तिला कशाला? तुलाच समजावते. बस त्या खुर्चीत."

ताईने त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, भिंगरीच्या आईला त्याचे हात धरायला लावले आणि न सांगता चालू मशीन कानाशी नेलं. उस्ताद असा उडाला, की छताचा पंखा थोडक्यात वाचला!

"अगं, आधी सांगायचं तरी!"

"तिला सांगतोस कधी? तुला नुसतं दचकायला झालं. तिला तोच आवाज असह्य होतो, मानेवरचा केस सुईसारखा टोचतो. आणि हे संपणार कधी, ते कुणी सांगत नाही. हट्ट नाही रे तो, त्रास आहे."

आईचे डोळे भरले. "हात तर मीच धरत होते."

"मग काय, लेकीचं अस्वल करू?" उस्ताद पुटपुटला.

"घाई सोड. तिला जे आवडतं, तिथून सुरुवात कर. आणि ती थांब म्हणाली, की थांब!"

भिंगरीला आवडायची दुकानातली गोल फिरणारी खुर्ची. मग दर सुट्टीला बंद दुकानात, मशीन कपाटात ठेवून, नुसत्या फेऱ्या सुरू झाल्या. आईने चित्रं काढून भिंतीवर लावली: आधी कंगवा, मग कातरी, मग पुन्हा फेऱ्या. भिंगरीने बापाचे केस विंचरले, फवाऱ्याने त्याला चिंब केलं. तिने तळहात वर केला की सगळं थांबवायचं, हे ठरलं.

अखेर एक दिवस कातरी चालली. उजवी बाजू छान झाली, आणि तळहात वर! उस्तादचे हात शिवशिवले. दोन मिनिटांचं काम. धरलं की झालं!

त्याने कातरी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी अर्धे केस लांब, अर्धे आखूड अशी बाहेर पडली. गल्ली खो खो हसली. "काय उस्ताद, कातरी गहाण टाकली की काय?"

उस्ताद आत गेला आणि बाहेर आला तो स्वतःचेही अर्धेच केस कापून! "नवी फॅशन आहे. पुढच्या महिन्यात रांगा लावाल माझ्याकडे!"

भिंगरीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. इकडे आखूड, तिकडे लांब. ती खळखळून हसली. मग बापाचं बोट धरून त्याला ओढत दुकानात घेऊन गेली, खुर्चीत चढून बसली आणि म्हणाली, "बाबा, काप."

काय सांगू मंडळी! गल्लीतल्या साऱ्या डोक्यांवर राज्य करणारा तो माणूस त्या दोन शब्दांनी जग जिंकल्यासारखा नाचला!

तेव्हा आईबापांनो, असं लेकरू तुमच्या घरी असेल, तर त्याला धरून ठेवण्याआधी त्याला काय सोसावं लागतंय ते पाहा. पुढे काय होणार ते सांगा आणि ते थांब म्हणालं की खरंच थांबा. थोडा उशीर होईल, चार लोक हसतील. हसू द्या! आपण थांबतो हे ज्या लेकराला कळलं, ते स्वतः बोट धरून आपल्याला पुढे नेतं.