काळ्या रेघेतला सरस

फ्रान्समधल्या एपिनालच्या लाकूड-प्रयोगशाळेतल्या भिजवण्याच्या टाकीला हिवाळ्यापासून सडक्या कोबीचा वास येत होता. नोएमी दिदिएजाँ बाह्या वर करून त्यात रोज हात घालायची. लाकडाचे तुकडे शेवाळानं बुळबुळीत झालेले असत. त्याची तिला कधी घाण वाटली नाही.

दोन फळ्या एकमेकींवर दाबून यंत्रानं जोरात घासल्या की लाकूड तापून मऊ पडतं आणि थांबताच काळी रेघ उमटून जुळून येतं. खिळा नको, सरस नको. पण पाण्यात टाकलं की तोच सांधा फुगून उकलतो. म्हणून नोएमी आणि तिचा सहकारी रेजिस तिरिए, दोघं मिळून, घासण्याआधी लाकडाला पाइनची राळ चोपडून बघत होते. नोएमीचे तुकडे साध्या सांध्यापेक्षा जास्त टिकत, पण शेवटी उघडत. रेजिसचे मात्र उघडतच नव्हते. त्यांच्या जोरावरच जवळच्या जेरारमेर गावच्या महापौरबाईंनी तळ्याच्या कडेला, पोरांना पाण्यात पाय सोडून बसायला, बाक मागितला होता. तो तयारही झाला होता.

रेजिसच्या हातात नेमकं काय आहे हे कळावं म्हणून नोएमीनं त्याचा एक तुकडा कापला. काळी रेघ दिसली. तिनं सुरीचं टोक लावलं, तर रेघेवरून पातळ, पारदर्शक कातडं सोलून आलं. ताणलं की लांबत होतं, रबरासारखं. नाकाशी नेलं तर धुराचा वासच नाही, पाण्यातही टिकणाऱ्या बाजारी सरसाचा आंबूस वास.

रेजिस जेवत होता. तिनं ते कातडं त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं तोंडातला घास गालात सरकवला.

"अगं, नुसता कडेला लावलाय. आतून राळच आहे."

"आणि बाकाला?"

"त्यालाही. नाहीतर उघडला असता आणि तूच रडत बसली असतीस." त्यानं बोटाला लागलेलं अंडं चाटलं आणि पुढे खायला लागला.

त्या चाटण्याची तिला किळस आली. तिनं कातडं परत उचललं.

ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, ग्रांदिदिए सरांकडे गेली. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग उद्घाटन झाल्यावर बघू, आत्ता कशाला, असं हळू आवाजात सांगितलं. तिनं ते कातडं पुढे केलं, तर त्यांनी हात पाठीमागे नेले. जणू ते चिकटेल.

म्हणून ती थेट महापौरबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "बसणाऱ्याला तो सांधा दिसतो का?"

"नाही."

"मग बाक राहू दे. त्याच्या पाटीवरचं 'सरसाविना' तेवढं खोडून घेते."

उद्घाटनाला टाळ्या झाल्या. रेजिसनं बिलबेरीच्या रानफळांचा केक वाटला आणि भेटेल त्याला सांगितलं की नोएमीचे तुकडे टिकत नाहीत, म्हणून ती जळते. लोक तिच्याकडे कीव करत बघत होते. महापौरबाई त्याच्याच बशीतून खात होत्या. पाटीवर जिथे तो शब्द होता तिथे ओला रंग चमकत होता, पण कुणी विचारलं नाही. नोएमी रस्त्यापलीकडे उभी राहिली. तिला तळ्याचीसुद्धा घाण वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या तुकड्यांचा अहवाल लिहिला: राळेनं सांधा साध्यापेक्षा उशिरा उघडतो, पण उघडतो. त्याखाली एकटीची सही केली. सरांनी तो न वाचताच ठेवून घेतला.

त्याच्या पुढच्या सकाळी रेजिस नेहमीसारखा, तिथल्या रीतीप्रमाणे, भेटीचा गालाला गाल लावायला वाकला. ती मागे सरकली.

"हे काय गं आता?"

"लांब राहा," ती म्हणाली, आणि गाल मनगटानं पुसला, त्याचा स्पर्श झालेला नसतानाही.