पहिल्या रांगेतली जागा

मामंजींचं पदक काळं पडलं होतं, तिथूनच सगळं सुरू झालं. माझे सासरे कोंडीराम महार रेजिमेंटचे. युनोची निळी टोपी घालून ते सोमालियात शांतिसेनेत गेले होते, तिथलं हे पदक. गेल्या वर्षी ते वारले. आणि यंदा माझी लेक प्रिती, लष्करी पोलिसातली, तशीच निळी टोपी घालून सुदानच्या सीमेवर जाऊन आली. तिलाही पदक मिळालं. माझी मान ताठ झालीय ती अजून खाली यायला तयार नाही.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत चौदा एप्रिलला पंचशील ध्वजाला मानवंदना देताना पहिली रांग पदकवाल्यांची असते. पोरगी भरती झाली तेव्हा मामंजी म्हणाले होते, "जातेस तर जा. पण माझ्या बाजूला उभं राहायचं, तर पदक घेऊनच ये." पोरीनं ते मनाला लावून घेतलं होतं. आज ती तिचं पदक डावीकडे आणि आजोबांचं उजवीकडे लावणार होती. वारलेल्या माणसाचं पदक घरच्यांनी उजव्या बाजूला लावायचं, अशी लष्कराची रीत आहे म्हणे.

आता नव्या पदकाशेजारी सासऱ्यांचं काळंकुट्ट दिसलं असतं, ते मला कसं चालेल? सकाळी उठून मी फीत सोडवली आणि पदकाला चिंच-मीठ लावून देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीसारखं घासलं. ते इतकं लखलखलं, की प्रितीचंच फिकं वाटायला लागलं. मग काय, तिच्याही पदकाची फीत सोडवली आणि तेही घासलं. दोन्ही पुसून ताटात ठेवली आणि फिती ओवायला घेतल्या. फितींचे पट्टे वेगळे होते, त्या ओळखू येत होत्या. पण पदकं? तोच जगाचा नकाशा, मागे तीच इंग्रजी अक्षरं, नाव कुठंच नाही.

"प्रिती, आजोबांचं कुठलं ते कळेना गं!" मला रडूच फुटलं. ज्या माणसानं ते छातीवर मिरवलं, त्याची खूण मी चिंचेनं घासून टाकली होती.

पांढरी साडी नेसून प्रिती आली. तिनं ताटाकडे पाहिलं, दोन्ही पदकं उलटसुलट केली आणि हसायला लागली.

"हसतेस काय? घोळ झालाय!"

"कसला घोळ, आई? आजोबांना एक मिळालं, मला एक मिळालं. ताटात दोनच आहेत ना?"

तिनं हाताला आलं ते पदक आजोबांच्या फितीत ओवलं, उरलेलं आपल्या. एक उजवीकडे पोलक्यावर लावलं, एक डावीकडे पदरावर.

खाली अंगणात भिवामामा रांग लावत होते. मामंजींचे ते जुने सोबती. मामंजींची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती.

"जयभीम मामा. मी कुठं उभी राहू?"

"कोंडीरामच्या बाजूला," भिवामामा सवयीनं बोलून गेले आणि मोकळ्या जागेकडे बघायला लागले.

प्रितीनं उजव्या बाजूच्या पदकावर हात ठेवला. "आजोबा आहेत इथं," ती म्हणाली, आणि त्याच जागेवर ताठ उभी राहिली.