सोमवारपर्यंत

दीनानाथ गाडीवर कव्हर चढवून दोरी आवळत होता, तेवढ्यात शेजारच्या अशोकजींची बायको अलका फाटकातून धावत आली.

“भाईसाहब, इनके सीने में बहुत दर्द है. गाड़ी निकालिए.”

त्याचे हात दोरीवरच थांबले. फरीदाबादच्या त्या नव्या सेक्टरात, त्यांच्या गल्लीत, गाडी अशी ती एकच होती. तो टूरवर असताना तिचा विमा संपला होता आणि एजंट सोमवारी येणार होता. तोवर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, असं त्यानं बायकोला, प्रभाला, बजावून ठेवलं होतं. कारखान्यात त्याच्या हाताखालच्या एका फिटरला विमा नसलेल्या गाडीनं उडवलं होतं. फिटरची बायको भरपाईसाठी अजून कोर्टात खेटे घालत होती. तारखेखेरीज तिच्या हाती काही लागलं नव्हतं. दीनानाथ तिच्यासोबत कोर्टात जाऊन बसला होता.

“मैं ऑटो लाता हूँ,” तो म्हणाला.

प्रभा व्हरांड्यात उभी होती. “रविवारी सकाळी ऑटो?”

“चौकात मिळेल.”

चौकात मिळाला नाही. पार रेल्वे फाटकापर्यंत पळावं लागलं. ऑटो घेऊन तो परतला, तर कव्हर अंगणात पडलेलं, अलकाच्या दाराला कुलूप, आणि गाडी नाही.

प्रभा गेल्या हिवाळ्यात गाडी शिकली होती, लायसन्सही काढलं होतं. पण हॉस्पिटलकडे जाणाऱ्या गर्दीच्या मथुरा रोडवर तिनं कधी चालवली नव्हती.

त्यानं ऑटो तसाच हॉस्पिटलकडे न्यायला सांगितला. रस्त्यात कुठे घोळका दिसला की तो बाहेर वाकून बघे. एके ठिकाणी गर्दी फारच दाट होती. त्यानं ऑटो थांबवला, उतरून माणसं बाजूला सारली. आत एक टेम्पो होता, स्वस्त टरबुजांचा.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी तिरकी उभी होती. दिवे चालू, मागचं दार उघडं. प्रभा आत बाकावर बसली होती.

“कुणाला लागलं नाही ना?” त्यानं विचारलं.

प्रभानं वर पाहिलं. “अशोकजींचं नाही विचारणार?”

दीनानाथनं आतल्या दाराकडे पाहिलं.

“वेळेत आणलं, म्हणाले डॉक्टर.”

अलका बाहेर आली. तिनं प्रभाचे दोन्ही हात घट्ट धरले, मग दीनानाथकडे वळून नेहमीसारखा नमस्कार केला. त्या नमस्कारात राग नव्हता. त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

ती आत गेल्यावर त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. “गाडी इथेच राहू दे. आपण बसनं जाऊ.”

वाद होईल, असं त्याला वाटलं होतं. प्रभानं किल्ली देऊन टाकली.

“शाळेच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला,” ती हळू म्हणाली. “मागे कॅरियरवर छोटी मुलगी. ब्रेक कसा लागला, मला ठाऊक नाही.”

“अलकानं पाहिलं?”

“तिच्या मांडीवर अशोकजींचं डोकं होतं. ‘दीदी, चलाइए’, एवढंच म्हणत होती.”

स्ट्रेचर ढकलत कोणी गेलं. प्रभानं पाय आत घेतले, तो बाजूला सरला.

“तुम्ही घरी असतात,” प्रभानं विचारलं, “तर मला अडवलं असतं?”

किल्ली खिशात टाकून दीनानाथ तिच्याशेजारी बाकावर बसला.