कोंबडीचं माप

शिंपीणकाकूंचं आणि त्यांच्या दिराचं बिनसलं ते कोंबड्यांवरून. दिराची पोल्ट्री काकूंच्या शिवणखोलीच्या मागेच. शिवायला आलेल्या पांढऱ्या कापडावर माश्या अशा ऐसपैस बसायच्या, की गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, हे ठिपके छापील आहेत का हो?" त्यात आता दिराने बांधकाम समितीकडे शेड वाढवायचा अर्ज टाकलेला. शेड वाढली की काकूंच्या एकुलत्या एका खिडकीसमोर भिंत येणार. उजेडच गेला तर सुईत दोरा काय नाकाने ओवायचा?

म्हणून काकूंनी शहरातल्या कोंबडीमुक्ती गटाला फोन लावला. कोंबड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दिराला कुणीतरी परस्पर झोडपावं, एवढीच माफक इच्छा.

गट आला. पुढे घोषणाताई. हे नाव गल्लीनेच ठेवलं, कारण बाईंनी पाणी मागितलं तरी ऐकणाऱ्याची मूठ वर जायची. "आत परिस्थिती कशी आहे?" त्यांनी विचारलं. भांडणानंतर काकू आत गेल्याच नव्हत्या. पण आत असतं तरी काय, या विचाराने त्यांना कधीपासून चैन पडत नव्हतं. गट निघायच्या आधी काकूंच्या पायात चपला.

दीर दारातच उभा. "या वहिनी! वाट चुकलात?"

"तुमच्याकडे नाही आले. कोंबड्यांकडे आलेय."

"मग त्या औषधात पाय बुडवा आणि या. पाहुण्यांचे आजार लागतात त्यांना."

आत पिंजऱ्यांची रांगच रांग. घोषणाताईंनी एका पिंजऱ्यावर बोट ठेवलं. "पंखसुद्धा पसरता येत नाहीत! एकीला किती जागा लागेल, कुणी सांगेल का?"

आता हा प्रश्न शिंपिणीसमोर विचारावा का? काकूंचा हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे गेला. "धरा हो भाऊजी हिला. नीट, चुरगळू नका!" छाती घेतली, शेपटी घेतली, दोन्ही पंख ताणून रुंदी घेतली. कंबर मात्र ना काकूंना सापडली, ना कोंबडीला. आणि हातच्या सवयीने, प्रत्येक मापात, वाढत्या अंगाला म्हणून चार बोटं सैल धरली. घोषणाताईंनी तो आकडा टिपून घेतला तो असा, की जणू कोंबडी स्वतः बोलली.

समितीच्या बैठकीत काकू पहिल्या रांगेत बसल्या, दिराची जिरलेली बघायला. घोषणाताई गरजल्या, "प्रत्येक कोंबडीला एवढी जागा मिळालीच पाहिजे!"

"मंजूर!" दीर टुणकन उठला. "पिंजरे काढतो. कोंबडी एकही वाढवत नाही. पण या मापाने शेड मी मागितली त्याच्या दुप्पट लागेल."

"गटाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमची तर मागणीच आहे!"

टाळ्या पडल्या. घोषणाताईंनी दिराला मिठी मारली. काकू धडपडत उठल्या. "अहो, चार बोटं जास्त धरलीत मी! पुन्हा मापू द्या!"

"काकू," अध्यक्ष म्हणाले, "दोन्ही बाजू खूश आहेत. असं इथे पहिल्यांदाच घडतंय. मोडू नका."

भिंत उभी राहिली. दिराला दया आली म्हणा, लाज वाटली म्हणा, त्याने काकूंच्या खिडकीपुढे भिंतीत जाळी ठेवली. दुपारपर्यंत थोडाफार उजेड यायचा.

कोंबड्या सोडल्या त्या दिवशी काकूंनी रागाने खिडकीकडे पाठ फिरवली. पण किती वेळ? शेवटी स्टूल ओढून त्या जाळीशी चढल्याच. आत हे एवढं मैदान, नवं भुसकट पसरलेलं, आणि ते सगळं रिकामं. सगळ्या कोंबड्या एकीला एक चिकटून थेट काकूंच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात. एकीनेही पंख पसरला नव्हता.

"अहो भाऊजी! एवढी जागा दिलीय, तर या सगळ्या इथेच का कोंबल्यात?"

लांबून, त्या मोकळ्या मैदानाच्या पार पलीकडून दिराचा आवाज आला, "तुम्हीच विचारा वहिनी. तुमच्याशीच बोलतात त्या!"

काकूंनी दिराच्या नावाने दातओठ खाल्ले. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, जाळीतून खरंच विचारलं, "का गं?"