ढकलत नेलेला परण्या

"टाकी रिकामी करायलाव? आन् मग पोराचा परण्या कशात काढायचा?" पंचफुला दारातूनच ओरडली.

तिचा नवरा बन्सीधर ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलून खालच्या टाकीत नळी घालत होता. ताडकळसमधली ही एकुलती एक जुनी, उघडी मोटार. पेट्रोलची टाकी बुडाखाली आणि स्टेअरिंगचा दांडा थेट छातीवर रोखलेला. बनवणाऱ्याचा बसणाऱ्यावर काय राग होता देव जाणे! ही गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हा बन्सीधरच्या वडिलांची छाती त्याच दांड्यानं फुटली. तरी बन्सीधरनं ती दुरुस्त केली आणि गावोगावी परण्या काढत, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या देवळापर्यंत मिरवत, पोट भरलं. स्वतःच्या छातीला मात्र बायकोनं शिवलेली कापसाची जाड घडी बांधायचा. लोक हसायचे.

दर लग्नात तो घसा फोडून सांगायचा, "गाडीजवळ फटाके नका उडवू बाबांनो, खाली पेट्रोल हाय." ऐकतंय कोण? मागच्या लग्नात ठिणगी सीटवर पडली. त्यानं ती तळहातानं विझवली, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. नुसता वैताग.

आज त्याच्याच मुलाचा, नागेशचा परण्या होता.

"पेट्रोलवर न्हाई बसवायचा मी नागेशला," तो म्हणाला. "पोरगं हाय माझं."

पंचफुलानं हातातलं ताट खाली ठेवलं. "आन् आजवर बसवले ते कुणाचे होते? त्येंला मायबाप न्हवते का?"

बन्सीधर भयंकर चिडला, पण कुणावर चिडावं ते कळेना. बाई खोटं बोलत नव्हती. पेट्रोलचा डबा उचलून तो परसात ठेवून आला.

नागेश तोंड पाडून मागच्या सीटवर बसला. त्याचे दोस्त गाडी ढकलू लागले. पुढची सीट रिकामीच होती; बन्सीधर बाहेरून स्टेअरिंग धरून चालत होता.

"बन्सीकाका, इंजन इकलं का?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले. फटाके उडाले, पण आज तो कुणावर ओरडला नाही.

देवळापाशी शेजारचा योगीराज जवळ आला. "बन्सीभाऊ, आमच्या दत्ताच्या लग्नाला पेट्रोल घालून आणा बरं. ही असली थट्टा नको."

"मग दुसरी गाडी बघा. ही आता ढकलतच जाईल."

"असं कोण बोलावील तुमाला?"

"न्हाई बोलावणार," बन्सीधर म्हणाला.

दर्शन झालं. दोस्तांनी नागेशला खांद्यावर उचलून शेजारच्या मंगल कार्यालयात नेलं. गाडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सवयीनं आजही बांधलेली कापसाची घडी बन्सीधरनं सोडली, सीटवर टाकली आणि मुहूर्ताआधी गाडी घरी लावून यावी म्हणून एका हातानं स्टेअरिंग धरून दाराला खांदा लावला. गाडी हलेना. त्याला रडू यायला लागलं.

मग ती हलली. त्यानं मागं पाहिलं. पंचफुला नव्या साडीचा पदर खोचून दोन्ही हातांनी ढकलत होती.

"अगं, तिकडं मुहूर्त व्हायलाय!"

"म्हणूनच म्हणते," ती धापा टाकत म्हणाली, "सरळ धरा."

त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं आणि गाडी घराच्या वाटेला लावली.