काकांचं वजन कुणी फोडलं?

ताईने व्यायामशाळेसाठी, प्रत्येकाला आपलं वजन दाखवणारी वेब सेवा लिहिली होती आणि संध्याकाळी ती सगळ्या सभासदांना खुली होणार होती. चाचणीसाठी धाकटीने आणि काकांनी एकदमच आपापला पासवर्ड टाकला. धाकटीच्या फोनवर आलं: वजन ब्याण्णव किलो.

"काका, तुम्ही तर ब्याऐंशी सांगत होतात."

काकांचं पितळ उघडं पडलं. "अगं, तुझी सेवा चहाडखोर आहे," ते ताईला म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. एकाची खासगी माहिती दुसऱ्याला दिसत असेल, तर सेवा खुली करताच येणार नव्हती.

धाकटीला मात्र चैन पडेना. "मघाशी मी एकटी होते, तेव्हा बरोबर दाखवत होती. आत आलंय कोण, हे ती लक्षात कुठे ठेवते?"

"एका जागी नाव लिहून..." ताई थबकली. "सगळ्यांना मिळून एकच जागा. तुझ्या मागोमाग काका आले आणि तुझं नाव पुसलं गेलं."

तिने ती जागाच काढून टाकली. आता प्रत्येक फोनवरून आलेल्या मागणीसोबतची ओळख तपासूनच सेवा उत्तर देणार होती.

दोघांनी पुन्हा एकदम पासवर्ड टाकला. धाकटीला तिचंच वजन दिसलं.

काका आपल्या फोनवरच्या ब्याण्णवकडे बघत म्हणाले, "माझं अजून चुकतंय."